जुन्या गिरगावची नोंद: स्वयंसेवकांनी नेमके कोणते काम हाती घ्यावे?

माडीवरचा

नमस्कार. माझे बालपण गिरगावात, फणसवाडीच्या परिसरातील एका तीन मजली चाळीत गेले. ती चाळ आता उरलेली नाही. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात माझा धाकटा भाऊ राहतो आणि मी गेली बावीस वर्षे बोरिवलीला आहे. चाळ पाडली जाण्यापूर्वी तिचे एकही नीट छायाचित्र कोणी काढले नाही, हे पुतणीला शाळेच्या प्रकल्पासाठी 'आजोबांचे घर' काढायला सांगितले तेव्हा आमच्या लक्षात आले. घरातील सगळ्या छायाचित्रांत माणसे आहेत, मुंजी आहेत, बारशी आहेत, गणपती आहेत, आणि इमारत त्यांच्या पाठीमागे तुकड्यातुकड्याने दिसते. जिन्याला किती पायऱ्या होत्या, यावर आम्हा तीन भावंडांत आजही एकमत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जण एकत्र आलो. त्यांत दोघे निवृत्त आरेखक आहेत, एक वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे, एक हौशी छायाचित्रकार आहे आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, ज्यांना प्रत्येक वाडीतील इमारतींचे जुने क्रमांक तोंडपाठ आहेत. रविवारी सकाळी ठाकुरद्वार ते प्रार्थना समाज या टापूतील एकेक वाडी घ्यायची, रहिवाशांना विचारून आत जायचे आणि इमारतीची वही तयार करायची, असा आमचा क्रम आहे. बांधकामाचे वर्ष कोठे कोरलेले असेल तर ते, जिना कोठे आहे, सज्जा लाकडी आधारांवर आहे की बिडाच्या, कठड्याची नक्षी कोणती, कौले शिल्लक आहेत की वर पत्रे आले, तळमजल्यावर पूर्वी कोणते दुकान होते, अशा गोष्टी आम्ही टिपतो. आजवर ३९ इमारतींच्या वह्या झाल्या आहेत. त्यांपैकी चार इमारती वही पूर्ण झाल्यानंतर पाडल्या गेल्या.

आता एका चुकीचा कबुलीजबाब देतो. सुरुवातीच्या उत्साहात आम्हाला केवळ नोंदी ठेवणे अपुरे वाटत होते. एका वाडीतील विहिरीजवळ संगमरवराची एक काळवंडलेली कोनशिला होती. ती आम्ही वाडीतील ज्येष्ठांच्या परवानगीने स्वच्छ करायला घेतली आणि त्यासाठी शौचालय धुण्याचे आम्ल पाण्यात मिसळून वापरले. भरपूर फेस आला तेव्हा मळ निघतो आहे असे समजून आम्ही आणखी जोराने घासले. प्रत्यक्षात दगडच विरघळत होता. विहीर बांधणाऱ्या गृहस्थांच्या नावातील शेवटची दोन अक्षरे त्या सकाळी बोथट झाली, ती कायमची. शंभराहून अधिक पावसाळे सोसलेल्या त्या अक्षरांना आमची अर्ध्या तासाची सेवा सोसली नाही.

त्या दिवसापासून आमच्या गटात मतभेद आहेत. काहींचे म्हणणे असे की, स्वयंसेवकाने हाताने काम करावे, झाडलोट करावी, किरकोळ दुरुस्ती करावी, कारण वह्या भरून इमारत वाचत नाही. काहींना वाटते की, सगळी शक्ती या इमारती वारसा यादीत याव्यात यासाठी खर्च करावी. माझा कल नोंदींकडे आहे, परंतु तो कल अनुभवातून आला आहे की त्या कोनशिलेच्या धास्तीतून, हे मला स्वतःलाच सांगता येत नाही. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

चुनखडी

आपली चूक फार जणांकडून होते, फक्त ती अशी लिहून कोणी काढत नाही. संगमरवर हा मुळात चुनखडकच असल्यामुळे कोणतेही आम्ल त्याला खाते. पोरबंदरी दगडाचेही तेच. आपल्याकडचा काळा पाषाण मात्र ज्वालामुखीजन्य असल्यामुळे आम्लाने तसा फसफसत नाही, आणि त्यामुळेच लोकांचा गैरसमज होतो की जे जोत्याला चालले ते संगमरवरी कोनशिलेलाही चालेल. दगड कोणता आहे हे ओळखता येत नसेल, तर साधे पाणी आणि मऊ कुंचला यापलीकडे जाऊ नये, आणि तारेचा ब्रश तर घरीच ठेवावा.

दुरुस्तीच्या प्रश्नावर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा व्यवसाय तोच आहे. जुन्या गिरगावातील बहुतेक इमारतींचा सांगाडा सागवानी लाकडाचा असून मधली भरण विटांची आणि सांधे चुन्याचे असतात. कळीचा चुना पाण्यात विरवून, त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरते त्या गोल चरात, मळलेला हा माल हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो. तो सच्छिद्र राहतो आणि किंचित लवचिकही असतो. भिंतीत शिरलेला ओलावा त्याच्या वाटे बाहेर पडतो, लाकूड पावसाळ्यात फुगले आणि उन्हाळ्यात आकसले तरी तो त्याच्याबरोबर थोडाफार हलतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ती बाहेरून कोरडी आणि मजबूत दिसू लागते, परंतु छपरातून, फुटलेल्या नळातून आणि जमिनीतून येणारे पाणी थांबलेले नसते, केवळ त्याची बाहेर पडण्याची वाट बंद झालेली असते. मग क्षार आतल्या आत साचून विटा भुगा होतात आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोके, जी कोणालाच दिसत नाहीत, ती कुजतात. पाच-सहा वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा विटांसकट सुटून खाली येतो आणि त्याचा दोष इमारतीच्या वयाला दिला जातो. चाळींत मी पाहिलेल्या पडझडीपैकी मोठा भाग वयाचा नसून दुरुस्तीचा होता, हे मी जबाबदारीने लिहितो आहे.

म्हणून स्वयंसेवकांनी गिलाव्याला, रंगाला आणि लाकडाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु मे महिन्यात पन्हळी साफ करणे, पावसाच्या पाण्याच्या नळातील कचरा आणि कबुतरांची घरटी काढणे, सरकलेली कौले जागेवर बसवून घेणे, ही कामे रहिवाशांच्या संमतीने आणि एखादा जाणकार कारागीर बरोबर घेऊन करता येतात. इमारतीचे आयुष्य सर्वांत स्वस्तात वाढवणारी कामे हीच आहेत. पिंपळाच्या रोपाबद्दल सावध करतो. ते बोटभर असताना मुळासकट निघते. एकदा मूळ सांध्यात शिरले की ओढून काढताना भिंतीचा दगड किंवा वीट बरोबर येते, आणि वरून छाटले तर ते अधिक जोमाने फुटते. अशा वेळी मूळ जागच्या जागी मारावे लागते आणि ते काम शिकलेल्या माणसाचे आहे.

तिसरा_मजला

मी या चर्चेतील अशा एका इमारतीत राहतो. म्हणजे मला ती पाहायला रविवारी यावे लागत नाही.

आपल्यासारखे गट आमच्याकडे वर्षातून तीन-चार वेळा येतात. त्यांना आमचा कठडा आवडतो, जिन्याचा गोल खांब आवडतो, तळमजल्यावरची जुनी फरशी आवडते. माझी आई ८१ वर्षांची आहे आणि मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक शौचालयात जाताना तिला रात्री कोणीतरी धरावे लागते. पावसाळ्यात गॅलरीच्या ज्या भागाखाली टेकू लावले आहेत, तेथून आम्ही मुलांना जाऊ देत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची इमारत कोसळून ३३ माणसे मेली, तेव्हा आमच्या मजल्यावर त्या रात्री कोणीही झोपले नाही, कारण त्या इमारतीचे वर्णन वर्तमानपत्रात वाचताना प्रत्येकाला आपलीच इमारत आठवत होती.

आपण ज्याला वारसा म्हणता, त्याला आम्ही पुनर्विकासाला आलेला अडथळा म्हणतो, हे कटू असले तरी खरे आहे. २०१२ साली महापालिकेने वारसा स्थळांची नवी प्रस्तावित यादी जाहीर केली तेव्हा शिवाजी पार्क परिसरापासून अनेक ठिकाणच्या रहिवाशांनी सभा घेऊन विरोध केला होता. ती माणसे अरसिक नव्हती. आपले घर आपल्याला न विचारता प्रदर्शनात ठेवले जात आहे, असे त्यांना वाटले.

आपण बोरिवलीला लिफ्टने वर जात असाल. रागाने लिहीत नाही, परंतु नोंद करायची असेल तर हीसुद्धा करावी.

माडीवरचा

आपला आक्षेप मी वहीत जसाच्या तसा लिहून घेतला आहे. लिफ्टबद्दलही आपण बरोबर आहात, मी सातव्या मजल्यावर राहतो. परंतु एक प्रश्न विचारतो. इमारत जाणारच असेल, तर जाण्यापूर्वी तिची नोंद करण्याला आपली हरकत आहे का? की हरकत नोंद करणाऱ्यांच्या वागण्याला आहे?

कलमबहाद्दर

येथे दोन वेगळे कायदेशीर विषय एकमेकांत मिसळले जात आहेत, ते वेगळे केले तर चर्चा सोपी होईल.

पहिला विषय वारसा यादीचा. १९९५ च्या नियमावलीने मुंबईतील सूचीबद्ध वास्तूंच्या श्रेणी ठरवल्या. श्रेणी एकमध्ये राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात आणि त्यांत जतनासाठी आवश्यक त्यापलीकडे हस्तक्षेप करता येत नाही. श्रेणी दोनचे अ आणि ब असे दोन भाग आहेत, तर श्रेणी तीनमध्ये नगररचनेच्या किंवा परिसराच्या दृष्टीने महत्त्वाच्या इमारती येतात आणि तेथे बदलाला बराच वाव असतो. यादीतील वास्तूत काही करायचे झाल्यास वारसा जतन समितीचा सल्ला लागतो. यादीत नाव आले म्हणजे इमारत गोठली, हा समज चुकीचा आहे. परंतु यादीत नाव आल्याने दुरुस्तीचे पैसे आपोआप मिळत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

दुसरा विषय उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर बसवलेल्या जुन्या इमारतींचा, आणि गिरगावातील चाळींचे दुखणे तेथे आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. युद्धानंतरच्या टंचाईत त्याची गरज होती, यात वाद नाही. परंतु पुढे महागाई वाढत गेली, भाडे जेथल्या तेथे राहिले आणि मालकाच्या दृष्टीने दुरुस्ती हा शुद्ध तोटा झाला. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीचे काम शासनाच्या मंडळाकडे दिले. त्या वेळी अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती. एवढ्या इमारतींची दुरुस्ती एका मंडळाने करायची म्हटल्यावर टेकू लावणे हीच दुरुस्ती होऊन बसली. चुनखडी यांनी सांगितलेला सिमेंटचा गिलावा कोठून आला, याचेही उत्तर यात आहे. स्वस्तातली निविदा चुन्याची घाणी फिरवत नाही.

स्वयंसेवकांसाठी एवढेच सांगतो: आपण ज्या इमारतीत शिरता, ती कोणाच्या तरी मालकीची आणि कोणाच्या तरी ताब्यात असते. त्यामुळे मालक आणि भाडेकरू यांच्यात वाद चालू असेल, तर आपले निरुपद्रवी छायाचित्रही एखाद्या पक्षाच्या हातात पुरावा म्हणून जाऊ शकते. विचारल्याशिवाय काढू नये आणि विचारल्याशिवाय प्रसिद्ध करू नये.

वसईचा_जुना

थोडे वेगळ्या ठिकाणचे लिहितो, पण मुद्दा तोच आहे. आम्ही तरुणपणी वसईच्या किल्ल्यात सुटीच्या दिवशी कोयते घेऊन झाडी तोडायला जात असू. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेला किल्ला असा वेलींनी गिळलेला पाहवत नाही, ही भावना खरी होती. परंतु केंद्राच्या संरक्षित स्मारकात कोयता चालवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला, असे एका पुरातत्त्व अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, तेव्हा आमच्याजवळ भावनेशिवाय उत्तर नव्हते. पुढे परवानगी घेऊन, त्यांच्या माणसांच्या देखरेखीखाली काम करू लागलो, तेव्हा कळले की ज्या भिंतीवरचा वेल आम्ही ओढून काढत होतो, ती भिंत काही ठिकाणी त्या वेलानेच धरून ठेवली होती.

परवानगीच्या अर्जाला वेळ लागतो म्हणून तरुण मुले कंटाळतात. त्या वेळात त्यांना शिलालेख वाचायला शिकवावे. आमच्यातील दोघे तसे शिकले आणि कोयता विसरले.

ओवळ

मी शाळेत इतिहास शिकवते आणि आठवी-नववीच्या मुलांना घेऊन असे काम करते, म्हणून नोंदींच्या बाजूने लिहिते.

मुंबईतील मैलाच्या दगडांचे उदाहरण येथे उपयोगी आहे. एकोणिसाव्या शतकात फोर्टमधील सेंट थॉमस चर्चपासूनचे अंतर दाखवण्यासाठी काळ्या पाषाणाचे हे दगड रस्त्याकडेला रोवले गेले. पुढे पदपथांची उंची वाढत गेली आणि त्यांतील काही दगड गळ्यापर्यंत गाडले गेले, काहींवर रंगाचे थर चढले, आणि एखाद्यावर बसून लोक बसची वाट पाहू लागले. अलीकडे महापालिकेच्या वारसा विभागाने त्यांतील काही दगड मोकळे करून नीट उभे केले. कोणता दगड कोठे आहे, हे लिहिलेले असल्यामुळेच ते शोधता आले, हे मी मुलांना मुद्दाम सांगते.

ओव्हल मैदानाभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको या शैलींतील इमारतींचा समूह ३० जून २०१८ रोजी जागतिक वारसा यादीत गेला, तोही अशाच चिकाटीने. त्या समूहात ९४ इमारती आहेत, आणि प्रत्येकीची वेगळी नोंद केल्याशिवाय असा प्रस्ताव उभाच राहत नाही. त्यामागे रहिवाशांच्या संघटना आणि नागरिकांचे गट वर्षानुवर्षे होते. तेथील रहिवासी सुस्थित होते, त्यांच्या इमारती दगडाच्या किंवा काँक्रीटच्या होत्या आणि समोर मोकळे मैदान होते, हा फरक मी विसरलेले नाही. गिरगावच्या चाळीला ओव्हलचे माप लावू नये. पण केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि १९०१ साली टिळक तेथे येऊन गेले, ही गोष्ट ज्या चौकामुळे शक्य झाली, त्या चौकाची लांबी-रुंदी कोणाला विचारली तर सांगता येते का? उत्सवाचा इतिहास आपल्याला पाठ असतो. शंभर माणसे एकत्र बसू शकतील आणि वरच्या मजल्यांवरून बायका-मुले पाहू शकतील, अशी जागा मुळात कशी बांधली गेली होती, ते आपण लिहून ठेवत नाही.

कामाच्या पद्धतीबद्दल थोडेसे. छायाचित्र समोरून, सरळ रेषेत घ्यावे आणि भिंतीला एक पट्टी टेकवावी, म्हणजे पुढे कोणालाही माप काढता येते. प्रत्येक पानावर तारीख हवी. सुंदर तेवढेच टिपण्याचा मोह टाळावा, कारण नळाची जागा, पाण्याच्या पिंपांची रांग, माळ्यावर चढायची शिडी आणि दारामागचे कोयंडे हे सगळे इमारत कशी वापरली गेली ते सांगतात, आणि सर्वांत आधी नाहीसे तेच होते. माझ्या विद्यार्थ्यांनी एका चाळीत केलेल्या आराखड्यात प्रत्येक दाराबाहेर चपला कोणत्या बाजूला काढतात हेही दाखवले आहे. मी ते खोडायला निघाले होते, बरे झाले खोडले नाही.

बे_एरियातील_पार्लेकर

वारसा यादी, निविदा, परवानग्या हे सगळे वाचून असे वाटते की, खाजगी देणगीदार पुढे आले तर प्रश्न सुटेल. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे झालेच ना?

चुनखडी

झाले, आणि उत्तम झाले. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली ती वास्तू २००३ ते २००८ अशी पाच वर्षे महापालिका, एका उद्योगसमूहाचा न्यास आणि वारसा जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था यांनी मिळून सावरली आणि २००५ साली तिला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. भायखळा रेल्वे स्थानकाला २०२२ साली तसाच सन्मान मिळाला, तेथेही खाजगी पैसा होता. परंतु दोन्ही ठिकाणी मालक एक आणि सार्वजनिक होता, आणि आत कोणाचा संसार मांडलेला नव्हता. चाळीत एका छपराखाली साठ कुटुंबे, एक मालक, मालकाचे न्यायालयात भांडणारे चार वारस आणि एखादा विकासक असतो. देणगीचा धनादेश कोणाच्या नावाने काढायचा, येथपासून अडचण सुरू होते.

खोताच्या वाडीकडे पाहा. पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास घरे होती, आता तीसही उरलेली नाहीत. तेथे घरे स्वतंत्र मालकांची आहेत, वाडीचे नाव सर्वतोमुखी आहे, पर्यटक येतात, आणि तरीही ही स्थिती आहे. ज्यांनी घरे राखली, त्यांनी ती प्रामुख्याने स्वतःच्या खिशातून राखली.

तिसरा_मजला

माडीवरचा यांनी मला प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर देतो. हरकत वागण्याला आहे. आलेल्या माणसाने कठड्याचे छायाचित्र काढावे, पण आधी खाली कोण राहते ते विचारावे. एका गटाने आमच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला सांगितले होते, कारण त्यामुळे दर्शनी भाग झाकला जात होता. माझ्या पत्नीने ते काढले नाहीत आणि मला तिचा अभिमान वाटतो.

दुसरी गोष्ट. आपल्या वहीत आमच्या खोलीचे मोजमाप असते का? हे उगाच विचारत नाही. पुनर्विकासात भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळते, परंतु ज्यांच्या खोल्या त्याहून मोठ्या आहेत, त्यांना मूळ क्षेत्र सिद्ध करावे लागते. आमच्याकडे कोपऱ्यावरच्या तीन खोल्या मोठ्या आहेत आणि प्रत्येक नव्या सर्वेक्षणात त्यांचे माप वेगळे येते. विकासकाचा माणूस फीत धरतो तेव्हा ती एका टोकाला सैल का असते, हे आम्हाला कळते, पण बोलायला आमच्याकडे कागद नसतो.

कलमबहाद्दर

स्वयंसेवकांचे मोजमाप अधिकृत पुरावा ठरणार नाही, हे आधी सांगतो, नाहीतर उद्या कोणाची निराशा होईल. परंतु तारीख असलेला, पट्टीसह काढलेल्या छायाचित्रांचा आणि मापांचा एक स्वतंत्र संच रहिवाशांच्या हातात असेल, तर अधिकृत सर्वेक्षणातील आकडा चुकल्यास त्यावर लेखी आक्षेप घेताना मुद्देसूद बोलता येते. भाडेपावत्या, जुनी वीजदेयके आणि हा संच एकत्र ठेवावा. मूळ प्रत रहिवाशांकडे, नक्कल गटाकडे. उलट नको.

माडीवरचा

दोन वर्षांत आम्ही खोल्यांची मापे एकदाही घेतली नाहीत, हे येथे कबूल करतो. आम्ही दर्शनी भाग मोजला, जिना मोजला, कठड्यातील गजांमधील अंतरसुद्धा मोजले. खोली मोजणे हे आम्हाला दुसऱ्याच्या घरात डोकावण्यासारखे वाटले आणि त्या संकोचाला आम्ही सभ्यता समजत राहिलो. राहणाऱ्यांच्या उपयोगाचे माप नेमके तेच होते.

काल संध्याकाळी गटाची बैठक झाली, तीत ठरले ते सांगतो. यापुढे वहीचे पहिले पान आराखड्याचे असेल, प्रत्येक खोलीच्या मापासह, परंतु ज्या कुटुंबाची संमती असेल त्याच खोलीचे. मूळ प्रत मजल्यावर ठेवून आम्ही नक्कल नेऊ. घरांच्या आतील छायाचित्रे कोठेही प्रसिद्ध केली जाणार नाहीत. वारसा यादीसाठी अर्ज करण्याचा विषय रहिवाशांनी स्वतः काढल्याशिवाय आम्ही काढणार नाही, यावर आमच्यातील दोघे नाराज आहेत आणि ती नाराजी मला समजते. मे महिन्यात दोन वाड्यांतील पन्हळींचे काम चुनखडी यांनी सुचवलेल्या पद्धतीने, कारागीर बरोबर घेऊन करू. ती कोनशिला तशीच आहे. तिच्यावरचा मजकूर आम्ही पुसट अक्षरांसकट उतरवून घेतला आणि बोथट झालेल्या दोन अक्षरांखाली ती कोणी घालवली तेही तारखेसह लिहिले.

तिसरा_मजला, आपली परवानगी असेल तर चाळिसावी वही आपल्या इमारतीची करू. शनिवारी सकाळी आठ वाजता चौघे येऊ शकतो.

तिसरा_मजला

शनिवारी नको, आईला दवाखान्यात न्यायचे आहे. रविवारी या, पण आठ वाजता नाही. साडेनऊपर्यंत पाणी असते आणि त्या वेळी गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. साडेदहाला या, कोपऱ्यावरच्या खोल्यांपासून सुरुवात करा. त्या तिन्ही घरांना मी विचारले आहे, दोघांची संमती आहे, तिसऱ्यांना आधी आपली फीत पाहायची आहे.

कपडे वाळत असतील. जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत, सातव्या पायरीवर पाय देऊ नका.